मांजर शिंकू लागले तर...

एरवी दुधाच्या पातेल्याचा नुसता आवाज झाला तरी धावत येणारी घरातली मनी एखाद्या दिवशी कोपऱ्यात अंग आक्रसून बसते. लागोपाठ शिंका येतात, डोळ्यांतून पाणी गळते, नाक शेंबडाने चोंदलेले असते आणि बशीत ठेवलेल्या माशाकडेही ती ढुंकून पाहत नाही. मांजराला पडसे झाले आहे हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

अशा वेळी घरात दोन प्रकारची माणसे दिसतात. पहिला प्रकार म्हणतो, "मांजरच ते, होईल आपोआप बरे." दुसरा प्रकार फार मायाळू असतो. तो औषधांच्या डब्यातून तापाची गोळी काढतो आणि ती कुटून दुधात कालवतो. पहिल्याच्या दुर्लक्षाने एखादे लहान पिल्लू दगावू शकते. दुसऱ्याच्या मायेने मात्र चांगले धडधाकट मांजरही दगावू शकते! म्हणून मांजराच्या पडशात काय करावे, काय करू नये आणि मुख्य म्हणजे ते का, याचा आपण विचार करू या. या विचारात जीवशास्त्राबरोबर तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातली बरीच प्रकरणेही उपयोगी पडतील.

हे पडसे येते कोठून?

थंडीने पडसे होते असे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात पडसे होते ते विषाणूंमुळे. माणसाच्या साध्या पडशाचे विषाणू वेगळे आणि मांजराच्या पडशाचे वेगळे. मांजरांच्या बाबतीत दोन विषाणू प्रमुख आहेत. एक फेलाइन कॅलिसिव्हायरस आणि दुसरा फेलाइन हर्पिसव्हायरस. पहिला १९५७ साली न्यूझीलंडमध्ये आणि दुसरा १९५८ साली अमेरिकेत प्रथम वेगळा करण्यात आला. मांजरांच्या नाका-घशाच्या तीव्र विकारांपैकी बहुसंख्य विकारांना हे दोघेच जबाबदार असतात. त्यांच्या जोडीला कधीकधी जिवाणूही येतात.

हर्पिसव्हायरसने शिंका आणि डोळ्यांचा दाह अधिक होतो. कॅलिसिव्हायरसने जिभेवर व टाळूवर फोड येतात, तोंडातून लाळ गळते. लागण झाल्यापासून साधारणपणे दोन ते दहा दिवसांत लक्षणे दिसू लागतात आणि बहुतेक मांजरे आठवडा-दीड आठवड्यात बरी होतात.

बरी होतात हे खरे. परंतु हर्पिसव्हायरस शरीर सोडून जात नाही. चेहऱ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठीत तो निद्रिस्त अवस्थेत दडून राहतो. पुढे घर बदलले, नवे मांजर आले किंवा मांजराला इतर काही ताण पडला, की तो पुन्हा जागा होतो. वर्षावर्षाने त्याच मांजराला पुन्हा पडसे का होते, याचे हे एक कारण आहे.

मांजराचे हे दोन विषाणू माणसाला बाधत नाहीत आणि आपले साधे पडसे मांजराला होत नाही. मात्र सगळ्याच श्वसनरोगांना हा नियम लागू नाही. कोविड-१९ च्या साथीत, २०२० पासून, घरातल्या माणसांकडून मांजरांना लागण झाल्याची उदाहरणे आढळली. बर्ड फ्लूचा विषाणूही मार्जारकुळाला घातक ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबट्या या रोगाने मरण पावले. म्हणून मांजराला कच्चे कोंबडीचे मांस घालू नये. ते शिजवूनच द्यावे.

शिंकेचा पल्ला

शिंकेबरोबर लहानमोठे असंख्य थेंब बाहेर पडतात. हवेत पडणाऱ्या सूक्ष्म थेंबाचा अंतिम वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा स्टोक्सचा नियम तुम्हांला ठाऊक असेल. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर वेगाने खाली येतो. त्याच्या एक दशांश व्यासाच्या थेंबाचा वेग त्याच्या शंभराव्या भागाइतका, म्हणजे सेकंदाला अवघा ३ मिलिमीटर असतो.

आता मांजराचे नाक जमिनीपासून २५ सेंटिमीटर उंचीवर आहे असे धरा. मोठा थेंब एका सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. लहान थेंबाला सव्वा मिनिटाहून अधिक वेळ लागतो. मांजराची फुप्फुसे लहान असल्यामुळे त्याच्या शिंकेतून फार बारीक थेंबांचा मोठा ढग निर्माण होत नाही. मुख्यतः मोठे थेंब उडतात आणि ते एक-दीड मीटरच्या आत खाली पडतात.

यावरून व्यवहारातला निष्कर्ष काय निघतो? घरात दुसरे मांजर असेल तर आजारी मांजर वेगळ्या खोलीत ठेवावे. परंतु तेवढ्याने भागत नाही. रोगाचा मोठा प्रसार हवेतून नव्हे, तर बशी, पाण्याचे भांडे, अंथरुण आणि आपले हात यांच्यामार्फत होतो. हर्पिसव्हायरस ओलसर जागी सुमारे १८ तास टिकतो. कॅलिसिव्हायरस तर आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ तग धरतो. म्हणून आधी निरोगी मांजराला खाऊ घालावे, मग आजाऱ्याला आणि त्यानंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत.

फरशी पुसण्यासाठी फिनेल वापरू नये. फिनॉलच्या जातीची द्रव्ये मांजराला विषारी असतात आणि मांजर आपले पंजे चाटत असल्यामुळे ती सरळ पोटात जातात. घरगुती ब्लीचचा एक भाग ३२ भाग पाण्यात मिसळून फरशी व भांडी पुसावी, थोड्या वेळाने साध्या पाण्याने धुवावी आणि ती कोरडी झाल्यावरच मांजराला तेथे येऊ द्यावे.

नाकातील वातानुकूलन

नाक केवळ वास घेण्यासाठी नसते. फुप्फुसात जाणारी हवा गाळणे, तापवणे आणि ओलसर करणे ही कामेही तेच करते. नाकाच्या आतल्या अस्तरावर श्लेष्म्याचा, म्हणजे शेंबडाचा, पातळ थर असतो. या थरात सुमारे ९५ टक्के पाणी असते. अस्तरावरचे केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू एकसारखे हलत राहून हा थर, त्यात अडकलेल्या धुळीसह आणि जंतूंसह, घशाकडे ढकलत असतात. थर घट्ट झाला की हे तंतू त्यात रुतून बसतात आणि सफाईचे काम थांबते.

थोडे गणित करू. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर संपृक्त हवेत सुमारे साडेनऊ ग्रॅम बाष्प असते. मांजराच्या शरीराचे तापमान साधारण साडेअडतीस अंश असते. त्या तापमानाची संपृक्त हवा घनमीटरमागे सुमारे ४७ ग्रॅम बाष्प धरते. थंडीच्या पहाटेची हवा मांजराने आत घेतली आणि ती शरीराइतकी तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून सुमारे २० टक्क्यांवर येते! उरलेले बाष्प कोण पुरवणार? अर्थात नाकाचे ओले अस्तर. नाक आजारी असले, शिवाय मांजराने पाणी पिणे सोडले असले, म्हणजे हा पुरवठा अपुरा पडतो आणि शेंबूड वाळून नाक चोंदते. म्हणून श्वासाबरोबर आत जाणारी हवाच ओलसर करणे हा उपचार शास्त्राला धरून आहे.

वाफ द्यावी, पण भांड्यावर धरून नव्हे

आपण डोक्यावर टॉवेल घेऊन उकळत्या पाण्याची वाफ घेतो, तशी मांजराला कधीही देऊ नये. एक ग्रॅम उकळते पाणी १०० अंशांवरून ३७ अंशांवर येताना ६३ कॅलरी उष्णता देते. एक ग्रॅम वाफ मात्र द्रवरूप होतानाच सुमारे ५४० कॅलरी अप्रकट उष्मा देते आणि मग वरच्या ६३ कॅलरी. म्हणजे वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याच्या साडेनऊपट! धडपडणारे मांजर भांड्यात पडण्याचा किंवा भांडे तुमच्या अंगावर सांडण्याचा धोका आणखी वेगळाच.

त्याऐवजी न्हाणीघराचे दार व खिडकी बंद करून बादलीत कढत पाणी काढावे. बादली मांजर पोचणार नाही अशी ठेवावी. हवा दमट झाली की मांजराला वेताच्या टोपलीत किंवा प्रवासाच्या पिंजऱ्यात घेऊन तेथे दहा ते पंधरा मिनिटे बसावे. असे दिवसातून दोनदा केले तर पुरे. मांजर फार घाबरले किंवा त्याला धाप लागली तर ताबडतोब बाहेर यावे.

पाण्यात निलगिरीचे तेल, कापूर किंवा बाम घालण्याचा मोह आवरावा. आपल्याला त्यांनी मोकळे वाटते; मांजराला ती द्रव्ये विषारी आहेत. छातीला बाम चोळला तर मांजर तो चाटून टाकणार हे उघडच आहे.

नाकाभोवतीचा व डोळ्यांतला चिकटा हलक्या हाताने पुसून काढावा. त्यासाठी अर्धा लिटर पाणी उकळून त्यात साडेचार ग्रॅम मीठ विरघळवावे आणि ते कोमट होऊ द्यावे. हे ०.९ टक्क्याचे द्रावण शरीरातील द्रवांशी मिळतेजुळते असल्यामुळे झोंबत नाही. प्रत्येक डोळ्यासाठी कापसाचा वेगळा बोळा घ्यावा आणि नाकाकडून बाहेरच्या बाजूला पुसावे.

वास नाही, तर भूक नाही

मांजराच्या आजारात खरी काळजी शिंकांची नसते, उपासाची असते. मांजर अन्नाची पारख मुख्यतः वासावरून करते. नाक चोंदले की त्याच्या दृष्टीने बशीत अन्नच नसते. आपण अशा वेळी साखर घातलेले दूध पुढे करतो. पण मांजराला गोडाची चवच कळत नाही! गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुक मार्जारकुळात निकामी झालेले आहे, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. त्याने जुलाब झाले तर शरीरातले पाणी आणखी कमी होते.

मग काय करावे? अन्न कोमट करावे. तापमान वाढले की द्रव्यांचा बाष्पदाब वाढतो आणि वासाचे अधिक रेणू हवेत मिसळतात. शीतकपाटातून काढलेल्या माशाला चार-पाच अंशांवर फारसा वास येत नाही. तोच मासा शरीराच्या तापमानाइतका कोमट केला की चोंदलेल्या नाकालाही त्याची वर्दी लागते. वाटी गरम पाण्यात ठेवली की काम होते. बोट लावून पाहावे. चटका बसता कामा नये.

उकडलेली कोंबडी किंवा काटे काढलेला उकडलेला मासा त्यातल्या पाण्यासकट द्यावा. आपल्या रश्शातला भाग मात्र देऊ नये. कांदा व लसूण यांमुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. चार किलोग्रॅमच्या मांजराला अन्नातले धरून दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागते. ओल्या अन्नातून त्याचा मोठा भाग मिळून जातो. मांजर खात नाही म्हणून तोंडात जबरदस्तीने काही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याकडे जावे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि हा विकार मूळ पडशापेक्षा कितीतरी गंभीर असतो. पिल्लाच्या बाबतीत तर बारा तासही थांबू नये.

ऊब आणि आकारमान

पिल्लाची एवढी घाई का? दोन घन कल्पून पाहा. एकाची बाजू १० सेंटिमीटर, दुसऱ्याची ५ सेंटिमीटर. पहिल्याचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर व घनफळ १००० घन सेंटिमीटर. दुसऱ्याचे १५० आणि १२५. म्हणजे दर घन सेंटिमीटरमागे लहान घनाला दुप्पट पृष्ठभाग आहे. उष्णता साठते घनफळात आणि निसटते पृष्ठभागातून. म्हणून पिल्लू लवकर गारठते आणि त्याचा अन्नाचा साठाही लवकर संपतो.

आजारी मांजराला वाऱ्यापासून दूर, कोरड्या जागी जुन्या लोकरी कापडाचे अंथरुण द्यावे. लोकरीत अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते. गरम पाण्याची पिशवी ठेवायची तर ती टॉवेलात गुंडाळावी, आणि नको वाटल्यास मांजराला दूर सरकता येईल एवढी जागा ठेवावी. आंघोळ मुळीच घालू नये. ओल्या केसांतील पाण्याचे बाष्पीभवन होताना लागणारी उष्णता शरीरातूनच घेतली जाते.

ती पांढरी गोळी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. अर्धी नाही, पाव नाही, चिमूटभरही नाही.

आपले यकृत या औषधाला ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देऊन ते निरुपद्रवी करते आणि मूत्रावाटे बाहेर टाकते. ही जोड देणारे जे एन्झाइम असते, त्याचे जनुक मांजरात निकामी झालेले आहे, हे २००० साली दाखवून देण्यात आले. त्यामुळे औषध दुसऱ्या मार्गाने जाते आणि त्यापासून घातक द्रव्ये बनतात. ती हिमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण करतात. असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. हिरड्या निळसर किंवा चॉकलेटी दिसू लागतात, चेहरा व पंजे सुजतात, श्वास लागतो आणि हवेत ऑक्सिजन असूनही मांजर गुदमरते.

मात्रेचा हिशोब पाहा. ६० किलोग्रॅमच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर दर किलोग्रॅममागे सुमारे ८ मिलिग्रॅम औषध पडते. चार किलोग्रॅमच्या मांजराला तीच गोळी दिली तर १२५ मिलिग्रॅम! आणि मांजरांना दर किलोग्रॅममागे १० मिलिग्रॅमइतक्या अल्प मात्रेनेही विषबाधा झालेली आहे. चुकून गोळी दिली गेली तर लक्षणांची वाट न पाहता त्याच घटकेला दवाखाना गाठावा आणि काय दिले ते स्पष्ट सांगावे. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा यावर उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला तरच उपयोगी पडतो.

घरात उरलेली प्रतिजैविकेही देऊ नयेत. ती विषाणूंवर चालत नाहीत. पडशाच्या जोडीला जिवाणूंचा संसर्ग झाला आहे का आणि औषध कोणते द्यायचे, हे पशुवैद्यानेच ठरवायचे.

दवाखान्यात केव्हा न्यावे?

गावातला गुरांचा दवाखाना मांजरांसाठीही असतो. पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर तेथे जाण्यास उशीर करू नये: तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडणे, डोळा मिटून राहणे किंवा धुरकट दिसणे, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव किंवा रक्त येणे, खाणेपिणे बंद होणे, मांजर अगदी मलूल पडणे. खांद्यांमधील कातडी चिमटीत उचलून सोडली असता ती लगेच पूर्ववत झाली नाही, तर शरीरातले पाणी कमी झाले असावे असे समजावे. नाकाला हात लावून ताप ओळखता येतो ही समजूत मात्र खरी नाही. निरोगी मांजराचे नाकही कधी ओले, कधी कोरडे असते.

एक सावधगिरी तुमच्यासाठी. रस्त्यावरच्या अनोळखी मांजराच्या तोंडातून लाळ गळत असेल तर ते पडसेच आहे असे गृहीत धरून त्याला उचलू नका. रेबीजमध्येही लाळ गळते. कोणत्याही मांजराने चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, घरी सांगा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

हे सारे टाळण्याचा उत्तम उपाय म्हणजे लस. हर्पिस, कॅलिसि आणि पॅनल्युकोपेनिया या तीन विषाणूंविरुद्ध एकत्रित लस मिळते. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली मात्रा आणि त्यानंतर सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढच्या मात्रा दिल्या जातात. लस घेतलेल्या मांजराला पडसे मुळीच होत नाही असे नाही. पण झालेच तर ते सौम्य असते. रेबीजची लस वेगळी असते, तीही द्यावी.

करून पाहा

मांजर निरोगी असताना, ते गाढ झोपलेले पाहून त्याच्या छातीची हालचाल ३० सेकंद मोजा आणि आलेल्या संख्येची दुप्पट करा. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास धरायचा. असे सात दिवस मोजून सरासरी काढा आणि वहीत टिपून ठेवा. झोपलेल्या निरोगी मांजराचे श्वास मिनिटाला साधारण ३० च्या आत असतात. उद्या मांजर आजारी पडले आणि हा आकडा चाळीसवर गेला, तर "मांजर जरा बरे दिसत नाही" एवढेच न सांगता तुम्ही पशुवैद्याला एक मोजमाप सांगू शकाल. त्यांना निदान करताना त्याची फार मदत होईल.